माळव्याच्या ताटातील ज्वारी

धार व देवास ही पवारांची जुनी संस्थाने माळव्याच्या काळ्या भूमीत वसली. या भूमीत पावसाळी हंगामात ज्वारी व तूर जोडीने पेरीत. दाणे माणसांस, कडबा गुरांस व डाळ वरणास, असा एकाच शेतातून घराचा निर्वाह होई. 1970 नंतर सोयाबीन पसरले व शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला. हा लाभ नाकारता येत नाही. तथापि तेल काढल्यावर उरणारी पेंड बहुतांशी पशुखाद्यात जाते, आणि घरचे धान्य बाजारातून वा शिधावाटपाच्या दुकानातून आणावे लागते.

2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबांस दरमहा माणशी 5 किलो धान्य मिळण्याची तरतूद आहे. त्यात तांदूळ व गव्हासोबत भरडधान्याचाही समावेश आहे. परंतु सरकारी खरेदी मुख्यतः गहू-तांदळाची होत असल्याने दुकानात तेच येते. सडलेल्या तांदळापेक्षा अधिक तंतू असलेली ज्वारी मागे राहते. तिची आधारभूत किंमत जाहीर होते; पण घेणारा नसल्यास ती कागदावरच राहते.

येथे व्यापाऱ्यांचे कर्तव्य उघड आहे. स्वच्छ, निवडलेली ज्वारी वर्षभर दुकानी ठेवावी व पेरणीपूर्वीच खरेदीचा शब्द द्यावा. मागणीची खात्री पटल्याशिवाय शेतकरी पेरणार नाही.