शोध एक, क्रियापदे अनेक

बारामती-इंदापूरकडील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचे इंग्रजी व्याकरण कितीही पक्के असले, तरी मुलाखतीत किंवा उत्तरपत्रिकेत तो अनेकदा 'शोध' या शब्दापाशी अडखळतो. दोष बुद्धीचा नाही. शोधणे, शोध लागणे, शोध लावणे हे सारे मराठीत एकाच शब्दाभोवती फिरते. इंग्रजीत मात्र प्रत्येकाची वाट निराळी आहे.

हरवलेली किल्ली अजून हाती लागलेली नसेल, तर 'आय ॲम लुकिंग फॉर माय की' असे म्हणावे. येथे 'फाइंडिंग' चुकते, कारण 'फाइंड' म्हणजे शोधणे नव्हे, सापडणे. इंदापूरची एसटी किती वाजता सुटते, हे चौकशी करून कळले, तर 'फाइंड आउट' वापरावे.

मुळात असलेले, पण अज्ञात असे काही उजेडात आणणे म्हणजे 'डिस्कव्हर'. नव्हते ते निर्माण करणे म्हणजे 'इन्व्हेंट'. फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिन 'डिस्कव्हर' केले, तर १८७६ मध्ये पेटंट मिळालेला टेलिफोन बेल यांनी 'इन्व्हेंट' केला.

उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे प्राचीन मंदिर पुन्हा दिसू लागते. हे 'डिस्कव्हर' नव्हे. गावकऱ्यांना ते ठाऊकच होते. येथे 'रीअपिअर' हेच योग्य.

म्हणून लिहिण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: ते हाती आले आहे का? आणि ते आधीपासून होते का? उत्तर मिळाले, की क्रियापद आपोआप सुचते.