भांड्याचा धातू आणि घराचे आरोग्य

भाजीत मीठ किती, तेल किती, याचा हिशेब प्रत्येक गृहिणी ठेवते. भांडे त्या भाजीत काय मिसळते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. अन्न धातूच्या भांड्यात तापते, आंबते, साठते, तेव्हा त्या धातूचा सूक्ष्म अंश अन्नात उतरतो. काही धातू शरीराला आवश्यक असतात, काहींचे शरीरात कामच नसते. आणि आवश्यक धातूही मर्यादेबाहेर गेला की अपाय करतो. तांब्या-पितळेची भांडी सध्या हौसेने पुन्हा घरी येत आहेत. अशा वेळी हा विषय नीट समजून घेणे हिताचे आहे.

धातू आणि मिश्रधातू

शुद्ध तांबे मऊ असते. त्यात जस्त मिसळले की पितळ होते आणि कथील मिसळले की कासे. कासे पितळेहून कठीण, पण आपटल्यास तडकणारे. लोखंडात दोन ते चार टक्के कार्बन राहिला की बीड तयार होते. ते उष्णता धरून ठेवते, पण ठिसूळ असते. लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, अदृश्य पापुद्रा जमतो. ओरखडा पडला तरी हवेतील प्राणवायूमुळे तो पुन्हा भरून येतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही, ते यामुळेच. ॲल्युमिनियमवरही असा पापुद्रा असतो. मात्र चिंच, ताक यांसारखे आंबट पदार्थ आणि सोड्यासारखे क्षार तो विरघळवतात.

पुण्यातील धडा

या रसायनशास्त्राची फार मोठी किंमत महाराष्ट्रातील बालकांनी मोजली आहे. साधारण सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांचे पोट फुगे, यकृत दगडासारखे घट्ट होई, कावीळ होई आणि बहुतेक मुले दगावत. या रोगाला ‘भारतीय बालयकृत-काठिण्य’ म्हणत. मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड आढळे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या आहाराचा शोध घेतला. त्यांचा निष्कर्ष १९८३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला: कल्हई नसलेल्या पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, साठवलेले वरचे दूध या मुलांना फार लवकर सुरू झाले होते.

दूधच का? दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरते, त्यामुळे भांड्यातील तांबे दुधात भराभर उतरते. तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा मोठा साठा असतो आणि पित्तावाटे तो बाहेर टाकण्याची क्षमता अपुरी असते. ऑस्ट्रियातील टायरोल प्रांतातही १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाने १३८ बालके मृत्युमुखी पडली. तेथेही मूळ तांब्याच्या भांड्यातील दुधातच होते. भांडी बदलली आणि रोग हटला. आपल्याकडेही स्टीलची भांडी रुळली तसा हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. तो विस्मरणात गेला म्हणूनच आज त्याची आठवण करून देणे आवश्यक आहे.

कल्हईचे महत्त्व

आपल्या पूर्वजांना धोक्याची जाण होती. कल्हईवाला भांडे तापवी, नवसागराने पृष्ठभाग स्वच्छ करी आणि वितळलेल्या कथलाचा थर आतून फिरवी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते; म्हणून कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये. थर झिजून आतला पिवळा वा तांबूस रंग दिसू लागला की कल्हई पुन्हा करावी. कथील शुद्ध असावे, त्यात शिसे मिसळलेले नसावे.

लोखंड: गरज आणि मर्यादा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. येथे भांडे उपयोगी पडू शकते. इथिओपियातील एका अभ्यासात लोखंडी भांड्यात शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातील अन्न खाणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. नागलीची भाकरी लोखंडी तव्यावर आणि पालेभाजी लोखंडी कढईत करणे हा सोपा उपाय आहे. आंबट पदार्थात लोह अधिक उतरते. मात्र अन्न शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावे.

तरीही भांड्याच्या मर्यादा ओळखाव्यात. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव १९९२ साली महाराष्ट्रभर गेले, ते कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे. पोटभर अन्न, डाळ, अंडी, स्तनपान आणि वेळेवर उपचार यांची जागा कोणतीही कढई घेऊ शकत नाही. गरोदर स्त्रीने लोहाच्या गोळ्याही घ्यायलाच हव्यात. आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आढळतात. अशा रुग्णांनी, तसेच थॅलेसेमियाच्या रुग्णांनी, लोह वाढवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घरासाठी काही नियम

बाळाचे दूध स्टीलच्या भांड्यातच तापवावे आणि साठवावे. तांब्या-पितळेत दूध, ताक, कढी, आमटी, लोणचे कल्हईवाचून कधीही ठेवू नये. तांब्याच्या घागरीत साधे पाणी ठेवण्यास हरकत नाही. लिंबू-सरबत मात्र नको. ॲल्युमिनियमच्या, म्हणजे ज्याला जुनी माणसे ‘जर्मन’ म्हणत त्या, पातेल्यात भात शिजवता येईल. आंबट पदार्थ मुरत ठेवू नयेत. भंगार वितळवून ओतलेली, छाप नसलेली भांडी स्वस्त मिळाली तरी टाळावीत. अशा भांड्यांतून शिसे अन्नात उतरल्याचे अनेक देशांत आढळले आहे, आणि शिसे मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते.

भांड्याची चमक, वजन, किंमत अवश्य पाहावी. पण विकत घेण्यापूर्वी आणखी दोन प्रश्न विचारावेत: हे कोणत्या धातूचे आहे, आणि यात मी काय शिजवणार आहे? घरात तान्हे बाळ असेल, तर हे प्रश्न सर्वांत आधी विचारावेत.