कंपनीचा पैसा, कॉलेजचा सर्व्हे आणि आपलं दुकान

परवा दुकानात दोन पोरं आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "सर, दहाच मिनिटं. छोट्या दुकानदारांचा सर्व्हे आहे." चाळीस मिनिटं गेली. उधारी किती, हप्ते किती, मिसेसच्या नावावर खातं आहे का, सगळं विचारून झालं. शेवटी मी विचारलं, याला पैसे कोण देतंय? तर म्हणे एक कंपनी देते, अभ्यास कॉलेज करतं.

हे काही नवीन नाही. मुंबईत १९३६ साली समाजकार्य शिकवणारी संस्था निघाली, ती सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशावर. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट, नागपाड्यात काम करणारे अमेरिकन मिशनरी. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे 'टिस'. पुढं १९४८ च्या कारखाना कायद्यानं ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथं कल्याण अधिकारी नेमायचं बंधन आलं. म्हणजे कारखान्यांनाही असली शिकलेली माणसं लागायला लागली. टिसचा एक कॅम्पस तर आपल्याच जिल्ह्यात, तुळजापूरला आहे.

आपल्या सास्तूरला सर्व्हे म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर घरोघर याद्या झाल्या. जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन झालं, आणि नव्या जागी हलवलेल्या गावांत लोकांना सहभागी करून घ्यायचं काम टिसकडं होतं. या गावांत घर किती मोठं मिळणार ते ठरलं जमिनीवरून. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४५०, त्याच्या वर ७५०. आता बघा, ज्याचं पोट शेतावर नाही, दुकानावर होतं, तो या हिशोबात कुठं बसला? भूमिहीनात. निकष ठरवताना दुकानाचा प्रश्नच नव्हता. फॉर्मवर जो रकाना नाही, ते निर्णयातही येत नाही. मला तर हा धडा बीबीएच्या मार्केट रिसर्चच्या पेपरपेक्षा मोठा वाटतो.

आता कंपन्या कॉलेजकडं का येतात? एक सरळ कारण कायद्यात आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५. नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करायचे. २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना, म्हणजे ज्यांचा सीएसआर सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे त्यांना, १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचा परिणाम बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. त्यासाठी समाजशास्त्र शिकलेली माणसं लागतात. कॉलेजला निधी मिळतो, पोरांना फिल्डवर्क. वाईट काहीच नाही.

अडचण प्रश्नावलीत असते. कर्ज देणारी कंपनी पैसे देत असेल तर "अजून भांडवल हवं का?" हा प्रश्न हमखास येतो. हो कोण म्हणणार नाही! "मागचा हप्ता भरायला दुसरीकडून उसने घेतले का?" हा प्रश्न येईलच असं नाही. म्हणून मी आधी विचारतो की प्रश्न कोणी काढले, कंपनीनं का सरांनी. निकाल कंपनीच्या विरोधात गेला तर छापायची मोकळीक आहे का? आणि माझं नाव, मोबाईल नंबर, उधारीचा आकडा कंपनीकडं जाणार का? शेवटच्याचं उत्तर गोलगोल आलं तर मी नंबर देत नाही. सर्व्हेला नाही म्हणायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, लाजायचं कारण नाही. पण सरसकट हाकलूनही देऊ नका. आपण बोललोच नाही तर पुन्हा आपला रकाना राहतो.

त्या पोरांना मी चहा पाजला आणि म्हटलं, रिपोर्ट झाला की मराठीत एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक मला. बिलबुकाच्या मागं त्यांच्या सरांचा नंबर लिहून घेतलाय. पंधरा दिवसांनी फोन करणार आहे. काय उत्तर येतं ते पुढच्या व्हिडिओत सांगतो.