शिवडी किल्ला

शिवडी किल्ला हा मुंबई शहरातील शिवडी येथे, मुंबई बंदराच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका छोट्या टेकडीवर असलेला किल्ला आहे. इंग्रजांनी तो इ.स. १६८० च्या सुमारास मुख्यतः टेहळणीसाठी बांधला. शिवडी रेल्वे स्थानकापासून चालत थोड्याच वेळात माथ्यावर पोहोचता येत असल्याने हा मुंबईतील सर्वांत सोप्या दुर्गभ्रमणांपैकी एक मानला जातो. शीव येथील टेकडीवरचा शीव किल्ला हा यापासून वेगळा आहे.

स्थान व महत्त्व

मुंबई पूर्वी सात बेटांची होती. त्यांपैकी परळ बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर शिवडी हे खेडे वसलेले होते. टेकडीवरून उत्तरेकडील खाडी, समोरचे बंदर आणि पलीकडचा मुख्य भूमीचा किनारा एका नजरेत येत असे. सह्याद्रीतील गिरिदुर्गांचे बळ उंची, कडे आणि पाण्याची टाकी यांत असते. शिवडीच्या टेकडीला अशी उंची नाही. शत्रूची गलबते वेळीच दिसावीत, हा येथे किल्ला बांधण्याचा हेतू होता.

इतिहास

पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आलेली मुंबई १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली. त्या काळी जंजिऱ्याचे सिद्दी हे मोगलांचे आरमारप्रमुख होते आणि त्यांच्या आरमाराचा मुंबई बंदरात वारंवार वावर असे. १६७९ मध्ये मराठ्यांनी बंदराच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली. त्यापाठोपाठ सिद्दीने जवळच्या उंदेरी बेटावर ठाणे केले. मराठे, सिद्दी आणि इंग्रज यांच्यातील या चढाओढीच्या काळात शिवडीची टेहळणी कंपनीला आवश्यक ठरली.

किल्ल्याची खरी कसोटी १६८९ मध्ये लागली. कंपनीचा मुंबईतील प्रमुख सर जॉन चाइल्ड याने मोगलांशी वैर ओढवून घेतल्यानंतर सिद्दी याकूत खान मोठ्या सैन्यासह शिवडी येथे उतरला. शिवडीचे ठाणे त्याने सहज घेतले, मग माझगावचा किल्लाही काबीज केला आणि इंग्रजांना दक्षिणेकडील मुख्य कोटात कोंडले. टेहळणीच्या जागी पुरेशी शिबंदी नसेल तर शत्रू दिसूनही उपयोग होत नाही, हे या प्रसंगाने स्पष्ट केले. अखेर कंपनीला औरंगजेबाकडे क्षमायाचना करून दीड लाख रुपये दंड भरावा लागला. जून १६९० मध्ये सिद्दीने मुंबई सोडली.

पुढे समुद्रावर इंग्रजांचा वरचष्मा झाल्यावर किल्ल्याचे लष्करी महत्त्व ओसरले. काही काळ त्याचा तुरुंग म्हणून आणि नंतर बंदर विश्वस्त मंडळाचे कोठार म्हणून वापर झाला.

रचना

किल्ला दगडी बांधणीचा असून त्याला उंच तटबंदी आहे. मुख्य दरवाजातून आत येणाऱ्याला सरळ पुढे जाता येत नाही, तर काटकोनात वळावे लागते. समोरून होणारा हल्ला दरवाजातच अडावा, यासाठी ही योजना होती. आत अंगण, एक पंचकोनी खोली आणि कमानदार छताची लांबट इमारत आहे.

मार्ग

हार्बर मार्गावरील शिवडी स्थानकाच्या पूर्वेस उतरल्यावर किल्ल्याकडे चालत जाता येते. टेकडीजवळ दर्गा आहे. चढण थोडी असल्याने लहान मुले व ज्येष्ठही ती चढू शकतात. पावसाळ्यात शेवाळामुळे दगड निसरडे होतात आणि बंदराच्या बाजूला टेकडीचा उतार तीव्र असल्याने तटावर सावधगिरी बाळगावी लागते.

परिसर

माथ्यावरून तिवरांची वने आणि खाडीचा दलदलीचा पट्टा दिसतो. १९९० च्या दशकापासून येथे हिवाळ्यात व उन्हाळ्यात हजारो रोहित (फ्लेमिंगो) पक्षी येतात. त्यांत धाकट्या रोहित पक्ष्यांची संख्या अधिक असते. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात ते सूक्ष्म शेवाळ टिपतात. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू शिवडीहूनच समुद्रात शिरतो.

हा परिसर किल्ल्याहून बराच प्राचीन आहे. १९३१ मध्ये परळ–शिवडी दरम्यान रस्त्याचे काम चालू असताना एक भव्य एकपाषाणी शैव शिल्प सापडले. इ.स. पाचव्या-सहाव्या शतकातील हे ‘परळ शिल्प’ आज परळच्या बारादेवी मंदिरात आहे.

सद्यस्थिती

किल्ला राज्य शासनाचे संरक्षित स्मारक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी माझगाव ते शिवडी किनाऱ्यावर मोठा भराव घातला गेला. त्यामुळे किनारा पुढे सरकला आणि पूर्वीच्या पाण्याच्या जागी गोदामे, तेलाच्या टाक्या व रस्ते आले. टेहळणीसाठी बांधलेल्या किल्ल्याचा अर्थ त्याच्या तटाइतकाच त्यावरून दिसणाऱ्या पाण्यात असतो. म्हणून भिंतींच्या डागडुजीबरोबर खाडी व तिवरे टिकणे हाही या स्मारकाच्या जतनाचा भाग ठरतो.