करडईला नुसता युरिया पुरत नाही



पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेडकडं करडई पेरायची ती ज्वारीच्या कडेनं, ढोरं आत शिरू नयेत म्हणून. कुंपणाच्या पिकाला खत कोण घालतो? पण सलग करडई घेणारेही पुष्कळदा एवढंच करतात, की घरात उरलेला युरिया टाकून मोकळे होतात. पीक हिरवंगार दिसतं. घाण्यावर मात्र तेल कमी उतरतं.

असं का होतं? नत्रानं फांद्या फुटतात, बोंडं वाढतात, उत्पादनही वाढतं. ते प्रमाणाबाहेर गेलं, की दाण्यात प्रथिनं वाढतात आणि तेलाचा टक्का घसरतो. लुसलुशीत पिकावर मावा चढतो. जिरायतात तर वाढलेला पाला जमिनीतली ओल आधीच पिऊन टाकतो. दाणा भरायच्या वेळी ओल नाही, मग बोंडं पोचट.

तेल तयार व्हायला गंधक लागतं. सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के स्फुरद असतं आणि 11 टक्क्यांच्या आसपास गंधकही असतं. डीएपीत स्फुरद 46 टक्के, पण गंधक नाही. म्हणून करडईला सुपर बरं, पोती जास्त वाहावी लागली तरी.

जिरायत करडईला हेक्टरी 50 किलो नत्र व 25 किलो स्फुरद सांगतात. एकराचा हिशेब सोपा आहे: 45 किलोचं एक पोतं युरिया आणि 50 किलोचं सव्वा पोतं सुपर. त्यातून सात किलोच्या आसपास गंधक आपोआप मिळतं.

हे सगळं खत पेरतानाच द्यायचं, दोन चाड्यांच्या पाभरीनं, बियाच्या खाली. बी आणि युरिया एकत्र पडू देऊ नका, उगवण मारते. मागाहून फेकलेला युरिया वरच्या कोरड्या मातीत पडून राहतो, मुळ्या तर खाली ओलीत असतात.

भुईमुगाचं निराळं आहे. त्याची शेंग जमिनीतला चुना स्वतःच शोषते. चुना कमी पडला तर शेंगा पोचट राहतात, आणि त्यातलं बी पुढच्या साली नीट उगवत नाही. म्हणून आऱ्या सुटताना झाडाच्या बुडाशी जिप्सम देतात. त्यातून चुना आणि गंधक दोन्ही मिळतात. आपल्याकडच्या काही जमिनी मुळातच चुनखडीच्या आहेत, तेव्हा आधी माती तपासून घ्या.

आणि एक. युरिया व सुपर आदल्या रात्री मिसळून ठेवू नका, पाणी सुटून चिखल होतो. पाभर जुंपल्यावरच बांधावर मिसळा.