टर्मिनलवरून क्वांटम संगणकाकडे

मे २०१६ मध्ये आयबीएमने आपला ५ क्यूबिटचा क्वांटम संगणक इंटरनेटवरून सर्वांसाठी खुला केला. आज टर्मिनलमध्ये ‘पिप इन्स्टॉल क्विस्किट’ एवढी ओळ टाकून आयबीएमची ही पायथॉन लायब्ररी बसवली की घरबसल्या सुरुवात होते. पायथॉनच्या छोट्याशा फाइलमध्ये दोन क्यूबिट घ्यायचे, पहिल्यावर हॅडामार्ड गेट, मग दोघांना जोडणारं सी-नॉट. प्रोग्रॅम १०२४ वेळा चालवला की ‘००’ आणि ‘११’ जवळपास निम्मे-निम्मे दिसतात. साध्या संगणकावर क्वांटम यंत्राची नक्कल करणाऱ्या आदर्श सिम्युलेटरवर ‘०१’ किंवा ‘१०’ कधीच येत नाही. खऱ्या यंत्रावर थोडे येतातच, आणि हा फरक प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः पाहायलाच हवा. सिम्युलेटरही फार पुढे नेत नाही: ३० क्यूबिटची संपूर्ण अवस्था साठवायलाच सुमारे १६ जीबी मेमरी लागते, आणि पुढच्या प्रत्येक क्यूबिटला ती दुप्पट होते.