रात्रपाळीचे पाणी, दिवसाची वीज

मुदखेड हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. सिकंदराबादकडे जाणारा आणि आदिलाबादकडे वळणारा असे दोन लोहमार्ग येथे फुटतात, आणि स्थानक मागे टाकून थोडे पुढे गेले की काकडा, गुलाब, गलांडा यांचे मळे दिसू लागतात. फुलांचे पीक वेळेला फार बांधलेले असते. काकड्याची कळी उमलण्यापूर्वी, म्हणजे उजाडण्याच्या आतच खुडावी लागते. उमललेल्या फुलाला नांदेडच्या बाजारात भाव मिळत नाही. ज्या आठवड्यात शेतीच्या वीजवाहिनीला रात्रीची पाळी असते, त्या आठवड्यात हाच शेतकरी मध्यरात्री मोटार सुरू करून दारे धरतो, विंचूकाट्याच्या भयाने बॅटरीचा झोत पायाजवळच ठेवतो, आणि पहाटे त्याच ओल्या वाफ्यांतून कळ्या खुडणाऱ्या बायकांबरोबर पुन्हा वाकतो. अपारंपरिक ऊर्जा, कर्ब उत्सर्जन, हवामानातील पालट असे विषय घेऊन खेड्यात जाणाऱ्याने आपल्या बोलण्याचा आरंभ या रात्रीपासून करावा, असे माझे मत या भागात हिंडताना बनले.

ज्याच्यासोबत मी हिंडलो, त्या तरुणाचा उद्योगच हा होता: शेतकरी, ग्रामपंचायती आणि लहान दुकानदार यांच्याशी सौर विजेविषयी बोलणे, त्यांच्या शंका ऐकणे, अर्ज भरून देणे. त्याच्या पिशवीत एक जाड वही, मोजपट्टी, दक्षिण दिशा पाहण्यासाठी होकायंत्र आणि लोकांच्या वीजबिलांच्या छायाप्रती असत. पारावर बसल्यावर बराच वेळ तो स्वतः काहीच सांगत नसे. "मामा, या आठवड्याला लाईन कधी असते? मागच्या वेळी डीपी जळाली ती बदलून यायला किती दिवस लागले? तोवर फुलांचं काय झालं?" अशा प्रश्नांची उत्तरे तो त्यांच्याच शब्दांत वहीत उतरून घेई, आणि आपले म्हणणे कोणी लिहून घेत आहे हे दिसताच कडेला उभी असलेली माणसेही जवळ येऊन बसत.

पहिली हरकत बहुधा एकच असे. "लाईटबिल तर माफ झालंय, मग ह्या प्लेटा कशाला?" ही हरकत रास्त आहे. एप्रिल 2024 पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल शासन भरते. तेव्हा पैशाच्या बचतीचा युक्तिवाद तेथे लागू पडत नाही. तरुण म्हणे, "बिल माफ झालं मामा, पण रात्र माफ झाली का?" आणि एवढे बोलून तो थांबत नसे, हे मला विशेष वाटले. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही योजना ज्यांना पारंपरिक जोडणी नाही त्यांच्यासाठी आहे. जमीन अडीच एकरांपर्यंत असेल तर तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत पाचाचा, त्यापुढे साडेसातचा. किमतीपैकी दहा टक्के हिस्सा शेतकऱ्याचा, अनुसूचित जाती-जमातींच्या खातेदाराला पाचच टक्के. ज्याच्याकडे जोडणी आधीच आहे त्याला हा पंप मिळणार नाही, असे तो स्वच्छ सांगे. ढगाळ दिवसांत पाणी कमी पडेल आणि अंधार पडल्यावर मोटार फिरणार नाही, हेही तो न विचारता सांगे. अर्ज मिळवण्याची घाई असलेल्या माणसाला हे बोलणे परवडत नाही. पण पुढच्या खेपेला त्याच पारावर बसता यावे, ही अपेक्षा असेल तर याहून दुसरा मार्ग मला दिसत नाही.

एका गावी पाठीमागे उभ्या असलेल्या शाळकरी मुलाने विचारले की, वीज सूर्याची काय आणि कोळशाची काय, आपल्याला फरक काय पडतो. तरुणाने वहीवर हिशेब मांडला: पाच अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली तर सुमारे तीस युनिटे जळतात, देशाच्या जाळ्यातील एका युनिटामागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कर्बवायू हवेत जातो, म्हणजे एका दिवसाला, एका मोटारीपाठी, वीसएक किलो. मंडळींनी ऐकून घेतले, पण चेहरे हलले नाहीत. मग त्याने परळीचे नाव काढले. औष्णिक केंद्राला कोळशाबरोबर पाणीही लागते, आणि पाणी आटल्यामुळे परळीचे केंद्र 2013 साली आणि पुन्हा 2015 साली बंद ठेवावे लागले होते. त्यापुढच्याच वर्षी, 2016 च्या एप्रिलात, मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. हे ऐकताच पारावरचे बोलणे एकदम सुरू झाले, कारण त्या वर्षांत कोणाची बोअर कोणत्या महिन्यात आटली आणि कोणाची जनावरे बाजारात गेली, हे प्रत्येकाला ठाऊक होते. ज्या प्रदेशाला प्यायला पाणी पुरत नाही त्याने वीज करण्यासाठी पाणी उकळावे काय, हा प्रश्न मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानेच विचारला.

जोडणी असलेल्या बहुसंख्य शेतकऱ्यांना दिवसा वीज हवी असेल, तर उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा करून सबंध कृषिवाहिनीच त्यावर चालवावी लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हाच आशय आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते; खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे, दरसाल तीन टक्के वाढीसह, मिळते; आणि सरकारी जमीन म्हटली की नजर गायरानाकडे जाते. येथे संभाषण अवघड होते, आणि ते अवघड व्हावे हेच योग्य आहे. मराठवाड्यात भूमिहीन दलित कुटुंबांनी गायरानाचे तुकडे दोन-दोन पिढ्या कसले आहेत. 14 एप्रिल 1990 पूर्वीची अशी वहिवाट कायम करण्याचा शासन निर्णय 1991 साली निघाला, तरी अनेकांचे नाव अद्याप सातबाऱ्यावर चढलेले नाही. मी बसलो होतो त्या ग्रामसभेत गायरान प्रकल्पाला देण्याचा ठराव वाचून होताच मागच्या रांगेतील एक बाई उभी राहिली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून अतिक्रमणाच्या दंडाच्या जुन्या पावत्या काढून तिने सरपंचांच्या टेबलावर ठेवल्या. दंड भरल्याची ती पावतीच तिच्या कसणुकीचा एकमेव दाखला होता.

तरुणाने त्या पावत्यांवरील साले एकेक वाचून दाखवली, तलाठ्याकडील अतिक्रमणांच्या नोंदवहीशी, म्हणजे एक-ई नमुन्याशी, त्यांची रुजवात घालावी अशी सूचना केली, आणि कसणारे लोक हजर असताना मोजणी झाल्याशिवाय गट क्रमांक कळवू नये, असे सुचवले. ठराव तहकूब झाला. प्रकल्प लांबला म्हणून काही जण नाराज झाले. रात्री दारे धरणाऱ्यांची ती नाराजी मला समजते. तरीही, नकाशावर रेघ ओढल्यानंतर लोकांना समजावण्यास जाणे आणि रेघ ओढण्यापूर्वी त्यांना विचारणे या दोहोंत न्यायाचे अंतर आहे, आणि धूर न करणारी वीज जर कोणाचे शेत हिरावून येणार असेल तर तिला निर्मळ म्हणण्यास माझे मन धजणार नाही.

घरांच्या छपरांविषयी बोलणे त्या मानाने सोपे. पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला तीस हजार, दोनांना साठ आणि तीन किंवा अधिक असल्यास अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान आहे. ज्या विधवा बाईचे महिन्याचे बिल चाळीस युनिटांचे होते तिला तरुणाने एवढ्याशा बिलासाठी कर्ज काढू नका असे सांगून वहीचे पान उलटले.

पारावरच्या सभेला बायका क्वचितच येत. त्यांच्याशी बोलणे संध्याकाळी, चुलीशेजारी होई. उज्ज्वला योजना 2016 साली आली, शेगडी घरात आहे, परंतु टाकी भरून आणण्याचे पैसे दर वेळी हाती नसतात, म्हणून तुराट्या आणि पऱ्हाट्या अजून जळतात आणि धूर बायकांच्याच डोळ्यांत जातो. एका शेतमजूर बाईने गोबरगॅसविषयी विचारले. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासएक किलो शेण आणि तितकेच पाणी लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. तिच्याकडे दोन शेळ्या. हे होणार नाही, असे तरुणाने सांगितले, तेव्हा तिनेच शेजारच्या तीन गोठ्यांची नावे घेतली. गोठेवाल्यांना बोलावले गेले. शेण द्यायला त्यांची ना नव्हती, पण मळी कोणाच्या रानात जाणार यावर बराच वेळ वाद झाला. अखेर शेण ज्याचे मळी त्याची, आणि गॅस भूमिहीनांच्या दोन चुलींना, इथवर गोष्ट आली. उन्हाळ्यात रोजचे पन्नास लिटर पाणी कोणी शेंदायचे, हे मात्र त्या दिवशी ठरले नाही, आणि ते ठरेपर्यंत अर्ज भरायचा नाही असे त्या बाईनेच सर्वांना बजावले.